समाधानी असल्याच्या आरोपाबाबत खुलासा

शुक्रवार, सकाळचे सव्वासात

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार (सध्या जमिनीवर असल्यामुळे दोन्ही हात मोकळे आहेत).

आधी गुडघा. मागच्या पत्रात मी तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटून दुसऱ्या ओळीत केली, तेव्हा तू उलट टपाली "गुडघा आठवला, आभारी आहे" एवढं एकच वाक्य लिहून पाठवलं होतंस. म्हणून या वेळी सुरुवातीलाच विचारतो, गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना? माझ्या अनुभवाप्रमाणे चढताना कोणाचंच फारसं काही बिघडत नाही, सगळी पंचाईत उतरताना होते. पण ते मी विमानाबद्दल म्हणतोय, तू आपलं डॉक्टरांचं ऐक. इकडे सगळे खुशाल. तुझे बंधुराज (म्हणजे आमचे बाबा) रोज तुझी आठवण काढतात आणि काढताना आवाज आपोआप खाली आणतात. आई बरी आहे. तुझी सून (म्हणजे माझी बायको) शाळेत मुलांना गणित शिकवते आणि घरी आल्यावर माझी गणितं तपासते.

तर तुझं पाकीट मिळालं. आत वर्तमानपत्राचं कात्रण होतं. आधी उलटी बाजू हाताला लागल्यामुळे मला दोन मिनिटं वाटलं की तू मला कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडबद्दल काही विचारते आहेस. मग सुलटी बाजू पाहिली. गणवेशातला मी, मागे निळं आभाळ, आणि खाली ठसठशीत अक्षरांत "आमचे वैमानिक पूर्ण समाधानी. आणि तुम्ही?" सोबत तुझी चिठ्ठी. "हा तूच ना, ठोंब्या? मी पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढली, मला पूर्ण समाधानी माणूस एकदाही भेटला नाही. म्हणजे नक्की काय झालं ते सविस्तर कळव." फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं, पण फोनवर बोललेलं पुराव्याला टिकत नाही हे तूच आम्हांला शिकवलंस, आणि माझ्यावरचा आरोप असा आहे की त्याचा खुलासा लेखीच द्यायला हवा.

हे पत्र मी कंपनीच्या क्रू रूममध्ये बसून लिहितोय. आज माझी स्टँडबाय ड्यूटी आहे. म्हणजे सकाळी सहा ते दुपारी दोन, पूर्ण गणवेशात, टाय बांधून, बूट चमकवून, दुसऱ्या एखाद्या वैमानिकाला ताप येतोय का याची वाट बघत बसायचं. कोणी आजारी पडला तर मी उडणार, सगळे ठणठणीत निघाले तर मी खुर्चीत. (अशा नोकरीत माणसाचे विचार किती शुद्ध राहत असतील ते तूच ठरव.) खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यातली एकच मागे रेलते आणि तिच्यावर आमचे सगळ्यांत ज्येष्ठ कप्तान, ज्यांना सगळे आजोबा म्हणतात, डोळे मिटून पडलेले आहेत. कोपऱ्यात चहाचं यंत्र आहे. ते आधी चहा ओततं आणि मग पेला सोडतं. नवीन माणूस पहिल्या दिवशी हात भाजून घेतो, आम्ही जुने लोक घरून पेला आणतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. म्हणजे तक्रार म्हणूनच सांगायचं होतं, पण लिहिताना तसं उतरलं नाही. माझा हाच घोटाळा होतो, पुढे कळेलच.

झालं असं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने "नोकरीतील समाधान" या विषयावर एक फॉर्म काढला. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन, "अजिबात नाही"पासून "पूर्ण समाधानी"पर्यंत. माणसाला मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून त्यावर नाव घालायचं नव्हतं. फक्त कर्मचारी क्रमांक घालायचा होता. शेवटची तारीख नेहमीप्रमाणे त्याच दिवशी आठवली, आणि तेव्हा मी दिवसातल्या दुसऱ्या फेरीच्या टोकाला विमानात बसलो होतो. आमची स्वस्त तिकिटांची कंपनी, त्यामुळे विमान जागेवर उभं राहिल्यापासून पुन्हा हलेपर्यंत पंचवीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात एकशे ऐंशी माणसं उतरवायची, एकशे ऐंशी चढवायची, इंधन घ्यायचं, खुर्च्यांच्या खिशातली केळ्याची सालं काढायची, आणि कोणाची तरी हरवलेली कवळी शोधून द्यायची (हे वर्षातून दोनदाच, पण होतं). त्यातून फॉर्म कधी भरणार? माझ्याबरोबर जी सहवैमानिक होती तिला आम्ही "घड्याळ" म्हणतो, कारण तिच्या देखत एक मिनिट वाया गेलं तर तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ती म्हणाली, "कप्तान, मी वाचते, तुम्ही उत्तरं द्या, मी फुल्या मारते." मी म्हटलं वाच.

आता इथे आमच्या धंद्याची एक खोड तुला सांगायला हवी. उडण्याआधी एकाने यादीतला एकेक शब्द मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ती गोष्ट डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, अशी आमची पद्धत आहे. "पार्किंग ब्रेक?" "सेट." "इंधन?" "चेक्ड." अकरा वर्षं, दिवसातून चार वेळा. हे अंगात इतकं मुरतं की विमानात डोळे आपोआप त्या त्या जागी जातात, आणि विमानाबाहेर नुसती जीभ चालते. सुनेने स्वयंपाकघरातून "दूध?" असं विचारलं की मी दिवाणखान्यातून "चेक्ड" म्हणतो, आणि मग आम्ही दोघं कोरा चहा पितो. तर घड्याळाने तिच्या त्या यादी वाचायच्या आवाजात सुरू केलं, आणि मी त्याच वेळी खिडकीतून एका सामानाच्या गाडीकडे बघत होतो, कारण तिच्यावरून एक लाल बॅग पडली होती आणि गाडीवाल्याला ते कळलं नव्हतं. "पगार?" "चेक्ड." "विश्रांती?" "चेक्ड." "वरिष्ठांची वागणूक?" "सेट." "ड्यूटीवरचं जेवण?" "चेक्ड." मी त्या बॅगेसाठी काचेवर टकटक करतोय, हातवारे करतोय, आणि ही बिचारी एकेका प्रश्नापुढे पाचव्या चौकोनात फुली मारतेय. "भविष्याबद्दल आशा?" या प्रश्नाला मी म्हणे "फुल अँड फ्री" असं उत्तर दिलं. ते आम्ही विमानाच्या पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा नीट हलताहेत ना हे बघताना म्हणतो. शेवटी ती म्हणाली, "कम्प्लीट." मी म्हटलं, "थँक यू," आणि सही केली. बॅग सापडली, तेवढंच समाधान.

कंपनीत दोनशे बारा वैमानिक आहेत. दोनशे अकरा जणांनी जे लिहिलं ते वाचून मनुष्यबळ विभागाच्या बाई दोन दिवस रजेवर होत्या असं कळतं. तिसऱ्या दिवशी माझा फॉर्म त्यांच्या हाती पडला, आणि वाळवंटात पाणी सापडावं तसं त्यांना झालं. त्या केक घेऊन मला भेटायला आल्या. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात केकचा तुकडा घातला. मग जाहिरातीसाठी आणि आमच्या भिंतीवर लावायला फोटो. आमच्या मागे मोठी काच, काचेपलीकडे खरीखुरी चार विमानं आणि खरंखुरं आभाळ; पण फोटोग्राफर म्हणाला की खरं आभाळ फिकं येतं, म्हणून त्याने कापडावर रंगवलेलं आभाळ माझ्यामागे टांगलं. मग मला समाधानी दिसायला सांगितलं. आत्या, तू कधी समाधानी दिसायचा प्रयत्न केला आहेस का? मी हसलो तर तो म्हणाला दात कमी करा, दात मिटले तर म्हणाला पोट दुखतंय का. सत्तर फोटो वाया गेले. जो छापलाय तो, कोणीतरी दारातून "जेवण आलंय" असं म्हणाल्यावरचा आहे.

आतापर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण आमच्या वैमानिकांच्या दोन मागण्या वर्षभर पडून आहेत. एक म्हणजे पहाटेची ड्यूटी आणि संध्याकाळची ड्यूटी यांची रोजच्या रोज अदलाबदल करू नका, झोपेचं खोबरं होतं. आणि दुसरी म्हणजे जेवायला काहीतरी गरम द्या. (आम्हांला जे सँडविच मिळतं त्याच्यावर "ताजे" असं लिहिलेलं असतं. सँडविच बदलत असेल, पण ते खोकं तेच असावं असा माझा संशय आहे.) तर आता कोणीही मागणी घेऊन वर गेला की साहेब भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मग हे कसे समाधानी आहेत?" झालं! जो तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्यांचं ताट ओढून घेतलंय. मी खोलीत आलो की बोलणं थांबायचं. फोटोला आधी मिशा आल्या, मग शिंगं. एकदा आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांग, मी कोणाला सांगणार नाही. तुला वेगळं काय देतात?" मी म्हटलं, काही नाही देत. ते म्हणाले, "म्हणजे बरंच देतात." घड्याळाने सगळ्यांना सांगून पाहिलं की चूक यादी वाचण्याच्या आवाजाची होती, पण तिने स्वतःच्या फॉर्मला तीन पानं तक्रारींची जोडली होती आणि माझ्या फॉर्मला एक ओळही नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

म्हणून मी ठरवलं की आपण असमाधानी आहोत हे सिद्ध करायचं. वही घेतली, वर "तक्रारी" असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि बसलो. पहिली तक्रार लगेच सुचली. पहाटे तीन पन्नासला गजर. (ही खरी आहे, हिच्यावर मी ठाम आहे.) दुसरी तक्रार अशी की लोकांना वाटतं मी जग बघतो. आत्या, मी एका गावी आत्तापर्यंत सहाशे अकरा वेळा गेलोय आणि त्या गावात मी एकदाही पाऊल टाकलेलं नाही. त्या गावाला नदी आहे, वरून दिसते. तिच्यावर तीन पूल आहेत, आणि तिसरा पूल बांधताना मी पहिल्या खांबापासून बघितलाय. मधला तुकडा बसवला त्या दिवशी मी प्रवाशांना घोषणा करून सांगितलं, की डावीकडे बघा, पूल जोडला. निम्मं विमान झोपलेलं होतं, उरलेल्यांनी उजवीकडे बघितलं. पण मला दिवसभर इतकं बरं वाटत होतं की जणू... असो. तर ही तक्रार होती. वहीत लिहिल्यावर तिच्यात तक्रारीसारखं काही उरलं नाही, म्हणून खोडली.

तिसरी तक्रार, याच गावातला बॅटीवाला. विमान जागेवर आणताना पुढे एक माणूस उभा राहून हातातल्या दोन बॅटी हलवतो, आणि आम्ही त्याच्या हातांकडे बघत पिवळ्या रेघेवरून पुढे सरकतो. गेली अकरा वर्षं तोच माणूस आहे. मी काचेच्या आत, वर. तो बाहेर, खाली, कानांवर जाड झापडं. आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही. तक्रार अशी लिहायची होती की असली कसली नोकरी, जिथे अकरा वर्षांच्या माणसाचा आवाज कसा आहे हे माहीत नाही. पण मग आठवलं, एका वर्षी त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. सुट्टी घ्यायची की नाही? पण हा एकाच हाताने उभा, आणि उजव्या हाताने आधी उजवीकडची खूण, मग पळत तीन पावलं बाजूला जाऊन डावीकडची. आणि गेल्या वर्षी एकदा, मी अगदी शेवटच्या दहा हातांवर आलेलो असताना, त्याने दोन्ही बॅटी एकत्र धरून डावीउजवीकडे झुलवायला सुरुवात केली. असली खूण आमच्या पुस्तकात नाही. मी गोंधळून ब्रेक लावला, मागे एकशे ऐंशी माणसांनी माना डोलावल्या. घड्याळाने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "कप्तान, पाळणा हलवतोय तो. मूल झालंय त्याला." मी पुढचे दिवे तीनदा लावले, तीनदा बंद केले. त्याने झापडं काढून हातात घेतली आणि उडी मारली. आम्हांला त्या दिवशी चार मिनिटं उशीर झाला आणि त्याचं लेखी कारण द्यावं लागलं. मी लिहिलं, "जमिनीवरील कर्मचाऱ्याला मुलगी." (मुलगी हे मी अंदाजाने लिहिलं, पुढच्या आठवड्यात त्याने दोन्ही बॅटी वेणीसारख्या कानांपाशी धरून दाखवल्या, तेव्हा बरोबर निघालं.) ही तक्रारही खोडली. वहीत तीन पन्नासचा गजर उरला, त्याखाली मी सँडविच लिहिलं, संपलं. एवढ्याशा भांडवलावर कोण मला असमाधानी मानणार?

आता बंधुराजांकडे येतो. बाबांना आमचं विमान कधीच पसंत नव्हतं. त्यांच्या मते जे विमान संध्याकाळी त्याच गावी परत येतं ते विमान नव्हे. शेजारीपाजारी कोणी विचारलं की ते "मुलगा वैमानिक आहे" म्हणून थांबतात आणि कोणत्या कंपनीत हे विचारायच्या आत खोकला काढतात. त्यांच्याच आग्रहाने मी चार महिन्यांपूर्वी मोठ्या कंपनीत अर्ज केला होता. मोठी म्हणजे खरंच मोठी. विमानात दोन रस्ते, तीनशे माणसं, चौदा-चौदा तास उडायचं, वैमानिकाला झोपायला विमानातच बिछाना, आणि जेवण गरम. मुलाखतीला समोर तिघं बसलेले. त्यातल्या मधल्या गृहस्थांनी टेबलावर काय ठेवलं असेल? तेच कात्रण, तुझ्याकडे आहे तेच. म्हणाले, "तुम्ही जिथे आहात तिथे पूर्ण समाधानी आहात असं आम्ही वाचतो. मग आमच्याकडे का?" मी म्हटलं, ती चूक आहे, मी अत्यंत असमाधानी आहे. ते म्हणाले, सांगा. मी गजर सांगितला. सँडविच सांगितलं. मग काही सुचेना म्हणून पूल सांगितला. मग बॅटीवाला. मग तो चष्म्याच्या काचांचा विक्रेता, जो दर बुधवारी येतो आणि उतरताना दारात मला दहापैकी गुण देऊन जातो ("आज सहा, शेवटी जरा आपटलंत", अकरा वर्षांत साताच्या वर गेलेला नाही, महा चिक्कू माणूस). असा मी चाळीस मिनिटं तक्रारी करत होतो. बाहेर पडलो तेव्हा खात्री होती की सुंठीवाचून खोकला गेला, आता हे आपल्याला घेत नाहीत.

त्यांनी घेतलं. पत्रात लिहिलंय की आपल्या कामाविषयी इतक्या आपुलकीने बोलणारा उमेदवार त्यांनी पाहिला नव्हता. बाबांनी ते पत्र मोठ्याने वाचलं, मग खिडकी उघडून पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी ते पृथ्वीचा गोल घेऊन आले. तो आता टीव्हीच्या जागी आहे, टीव्ही जमिनीवर. संध्याकाळी ते त्याला बोटाने फिरवतात, मध्येच थांबवतात आणि मला विचारतात, "इथे जाणार का रे?" बहुतेक वेळा बोट समुद्रावर असतं. आई म्हणते, झालं ते चांगलं झालं, पण जाकीट घेऊन जा. आणि सून? ती फक्त "तुला काय वाटतं?" असं विचारते, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य किती घाबरवणारं असतं ते तुला मी काय सांगू. मी "बघू" म्हणतो. ती "बरं" म्हणते.

गेल्या रविवारी माझा शिकतानाचा मित्र लंबू जेवायला आला होता. तो त्याच मोठ्या कंपनीत सहा वर्षं आहे. मी त्याला सहज विचारलं, महिन्यात किती वेळा विमान उतरवतोस? तो म्हणाला, "तीन. कधी दोन." बाकीचा वेळ विमान आपलं आपण उडतं, आणि हा कधी बिछान्यात असतो, कधी हॉटेलात. म्हणाला, एकोणचाळीस हॉटेलांच्या खोल्यांमध्ये डोळे मिटून दिव्याचं बटण सापडतं, फक्त स्वतःच्या घरी चाचपडायला होतं. पगार विचारला तर तो त्याने इतक्या हळू सांगितला की बाबांना दोनदा विचारावं लागलं. आत्या, मी दिवसातून चार वेळा विमान उतरवतो. चाकं टेकायच्या आधी एक क्षण असा येतो की सगळं विमान श्वास धरतं, आणि मीही. तो क्षण मला दिवसातून चार वेळा मिळतो आणि त्याला महिन्यातून तीनदा. जेवण होईपर्यंत मी मनातल्या मनात हेच भागाकार करत होतो, शेवटी आईने विचारलं, आमटी का ढवळतोयस, पी ना.

असो. तर आत्या, जाहिरातीतलं ते वाक्य म्हणजे निव्वळ घाईगडबडीत झालेली चूक आहे, त्यात माझा काहीही दोष नाही, आणि मी इतर चारचौघांसारखाच असमाधानी आहे, हे तू मनाशी पक्कं धर आणि कोणी विचारलं तर तसंच सांग. गुडघ्याला जप. दोन वाजत आले, आज कोणालाही ताप आलेला नाही, लोकांच्या तब्येती फारच सुधारल्या आहेत.

तुझा भाचा,
ठोंब्या

ता. क. ते कात्रण जपून ठेवू नकोस. आणि ठेवलंसच तर स्टँडची बाजू वर ठेव.

दुसरा ता. क. एक छोटंसं काम होतं. मोठ्या कंपनीला सोमवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. तू मला एक मनाईचं पत्र पाठवशील का? साधंच. "तू ती नोकरी घ्यायची नाहीस, ही माझी आज्ञा आहे" अशा अर्थाचं. कारण तुला सुचेल ते दे. नाही दिलंस तरी चालेल, तुझ्याकडून कारण मागायची आमच्या घरात कोणाची छाती आहे? "खबरदार" हा शब्द एकदा तरी यावा. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. तुझं पत्र दाखवलं की मी मान खाली घालून म्हणेन, काय करणार, वडीलधाऱ्यांचा शब्द मोडता येत नाही. मग सगळे तुझ्यावर चिडतील, पण तुला त्याची सवय आहे.

तिसरा ता. क. वरचं शेवटचं वाक्य वाचून मलाच लाज वाटली, म्हणून हे लिहितो. तू तीन वेळा बढती नाकारलीस तेव्हा घरात सगळे म्हणाले की आत्याचं डोकं फिरलं, चांगली मोठ्या कचेरीत साहेबीण झाली असती, बसली खिडकीत शिक्के मारत. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि सगळ्यांच्या बरोबरीने हसलो होतो. तू का नाकारलीस हे तुला कोणी विचारलं नाही, मीही नाही. आता विचारावंसं वाटतं, पण वाटतं की मला ते कळलंय. चुकलो, आत्या.

चौथा ता. क. (शेवटचा.) मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी परवा माझी दया येऊन मला दुरुस्तीसाठी कोरा फॉर्म दिला. मी घरी, शांतपणे, एकटा बसून, कोणीही न वाचून दाखवता, चाळीस प्रश्न भरले. अडतीस ठिकाणी पुन्हा पाचवाच चौकोन आला. मी दोनदा तपासलं. झोप आणि जेवण या दोन ठिकाणी मात्र "अजिबात नाही" लिहिलं, आणि खाली लिहिलं की एका माणसाला आपलं काम आवडतं म्हणून दोनशे अकरा माणसांना थंड सँडविच घालणं हा अन्याय आहे. त्याची प्रत भिंतीवर फोटोशेजारी लावली. आजोबांनी वाचली, आणि आत्ता उठून मला ती रेलणारी खुर्ची दिली. तेव्हा वरचा सगळा खुलासा रद्द समज. हे कोणाला सांगू नकोस.

*

ती. आत्यांना नमस्कार. ही खालची अक्षरं माझी, तुमच्या सुनेची. त्याने हे पाकीट मला टपालात टाकायला दिलं आणि चिकटवायचं विसरला (म्हणे). मी सगळं वाचलं. मी त्याला "तुला काय वाटतं?" असं पंधरा वेळा विचारलं ते घाबरवायला नाही हो, मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तो संध्याकाळी कामावरून येतो तेव्हा दुसऱ्या मजल्यापासून शीळ घालत येतो. हे त्याचं त्याला ठाऊक नाही. मी अकरा वर्षं ऐकतेय आणि शीळ ऐकू आली की गॅसवर चहा ठेवतेय. ती शीळ मला चौदा तासांच्या पलीकडे पाठवायची नव्हती, पण मी तसं म्हटलं असतं तर तो माझ्यासाठी राहिला असता, आणि मग ती शीळ तशीच राहिली असती की नाही कोण जाणे.

आता गणित बघा. आज शुक्रवार संध्याकाळ. इथून तुमच्या गावी टपाल पोचायला चार दिवस, तिकडून इथे चार दिवस, मध्ये दोन रविवार. उत्तर द्यायची मुदत येत्या सोमवारी दुपारी बारा. हा माणूस इंधन किलोकिलोने मोजतो आणि दोन गावांमधलं अंतर मिनिटांत सांगतो, आणि टपालाला किती दिवस लागतात हे तर तुमच्या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं आहे. म्हणजे तुमच्या मनाईची त्याला गरज नाही. त्याचं ठरलंय.

तरी पत्र पाठवा. सावकाश लिहा, कडक लिहा, "खबरदार" दोनदा घाला. बाबांना दाखवायला ते आम्हां दोघांनाही लागणार आहे.